सरदारच्या मानेचा फोटो

बुधवार, ८ जानेवारी २०२५

आज अपघाताच्या फॉर्मवर लिहिलं : ‘कामगाराने मान न वळवता पट्टा ओलांडला. प्रत्यक्ष पाहिले.’ खाली सही केली. अक्षर चांगलं आलं.

प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. मी तेव्हा चहाच्या मशिनपाशी होतो. आवाज झाला म्हणून धावलो, तर सरदार मुलाणी फरशीवर बसलेला, त्याची ट्रॉली आडवी पडलेली आणि खोक्यांतले ब्रॅकेट चहूकडे पसरलेले. गणराज फोर्कलिफ्ट मागे घेत होता, ती ट्रॉलीला लागली. फॉर्मवर ‘प्रत्यक्ष पाहिले’ आणि ‘इतरांकडून समजले’ असे दोन रकाने आहेत. दुसऱ्यात खूण केली की फॉर्म ऑफिसातून परत येतो आणि चौकशी लांबते. सगळे सेफ्टी मार्शल पहिल्याच रकान्यात खूण करतात. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्यांनीही तसंच सांगितलं होतं.

शिवाय सरदार मान वळवत नाही हे काही मी रचून सांगितलेलं नाही. कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये फोर्कलिफ्टच्या रस्त्याकडेच्या पिवळ्या पट्ट्यापाशी आलं की थांबायचं, मान उजवीकडे वळवायची, बोट दाखवायचं आणि मोठ्याने ‘मोकळा’ म्हणायचं. मग डावीकडे तसंच. सुरुवातीला आम्हीही हसायचो. आता कुरुळीत घराबाहेर पडतानासुद्धा माझं बोट आपोआप वर होतं. सरदार बोट दाखवतो, ‘मोकळा’ही म्हणतो, पण मान जिथल्या तिथे. कमरेतून सगळाच थोडा फिरतो नि चालू लागतो. मागून हाक मारली तरी तसंच. मला तो त्याचा माज वाटत आला आहे. दिवाळीपासून ताकिदीच्या दोन पिवळ्या चिठ्ठ्या मीच त्याला दिल्या. आजची तिसरी. तिसरीनंतर चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असा नियम आहे.

एक गोष्ट मात्र मनात टोचते आहे. परवाच्या सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये मी त्याला पुढे उभं केलं आणि सगळ्यांसमोर करून दाखवायला लावलं. तीनदा. “मान, सरदारभाई, मान. बोटाला डोळे नसतात.” मागून कोणीतरी म्हणालं, “मुंडीत खिळा ठोकलाय का काय राव?” तीस माणसं हसली. मीही हसलो. सरदारही हसला, म्हणून मला त्यात काही वाटलं नाही.

शनिवार, ११ जानेवारी

सरदारचा फोन आला, डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणून. जखमी माणसाला दवाखान्यात मार्शलने न्यायचं, हाही नियमच. मोटरसायकलवर मागे बसवून चाकणला एक्स-रे सेंटरवर नेलं.

पाच मिनिटांचं काम वाटलं होतं. पण एक फोटो झाल्यावर आतली बाई बाहेर आली आणि त्याला परत घेऊन गेली. मग तोंड उघडं ठेवून एक फोटो, हनुवटी छातीकडे नेऊन एक, मान मागे टाकून एक. नंतर डॉक्टर प्राजक्ता मॅडम स्वतः आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी सरदारच्या मानेमागे, केस जिथे संपतात तिथे बोटं लावून पाहिलं. मग मला विचारलं, “तुम्ही ह्यांचे कोण?”

“कंपनीतला. मार्शल आहे.”

“मग ह्यांना मान वळवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच.”

मी म्हटलं, “वळवायचा कंटाळा करतो असं वाटत होतं.”

मॅडमनी आतलं दार उघडलं. मग म्हणाल्या, “आत या. दोघंही.”

पडद्यावर सरदारची मान बाजूने दिसत होती. हाडं पांढरी, बाकी सगळं काळं. मॅडमनी पेन्सिलीच्या टोकाने मोजून दाखवलं. मानेत सात मणके. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती फोटोत काळ्या फटीसारखी दिसते. त्या फटी आहेत म्हणून आपली मान हलते. सरदारच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामध्ये फटच नव्हती. पाचव्या आणि सहाव्यातही नव्हती. दोन दोन मणक्यांचं मिळून एकच हाड झालेलं.

“अपघातानं झालं का?” मी विचारलं. खरं तर मला तेच ऐकायचं होतं.

“नाही. आणि झिजून चिकटलेलंही नाही. झिजून चिकटले असते तर कडा खडबडीत दिसल्या असत्या. इथे जोड पाहा, कंबर बारीक असावी तसा आत गेला आहे. हे जन्माच्याही आधीचं. आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांत मणके एकमेकांपासून सुटे होतात. ह्यांचे हे चार सुटे झालेच नाहीत.” ज्या दोन डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं त्यांचं नाव ह्या प्रकाराला आहे, असं त्या म्हणाल्या. क्लिपेल-फील. मी कागदावर उतरवून घेतलं.

मग त्यांनी सरदारला विचारलं, “तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं?”

सरदार कधी नव्हे ते हळू बोलला. “हाडाचं ठावं नव्हतं मॅडम. मान वळत न्हाई ते तर ठावं हायच. शाळंत पोरं मला ओंडका म्हणायची.”

“नोकरीला लागताना तपासणी झाली असेल ना?”

“छातीचा फोटो काढला. डोळं बघितलं. रक्त. मानंचं कुनी इचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई.”

मॅडमनी एमआरआय करायला सांगितला, मज्जारज्जूवर दाब आहे का ते पाहायला. मूत्रपिंडांची सोनोग्राफीही करा म्हणाल्या, कारण अशा माणसांत कधी कधी एकच मूत्रपिंड असतं. डोक्यावर ओझं घेऊ नका, झटका बसू देऊ नका. बाकी घाबरण्यासारखं काही नाही. “एवढी वर्षं आख्खं शरीर वळवून सगळीकडे पाहताय तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आमच्यापेक्षा तुमचं लक्ष जास्त असणार.”

गाडीपाशी आल्यावर सरदार म्हणाला, “किसनभाऊ, ह्यो फोटो कंपनीत दावू नका. हाताला मुका मार हाय एवढंच लिवा. चौकशीचं काय व्हायचं ते हुईल. चिठ्ठी दिल्यालं माणूस परत कामाव येतंय. मान गेल्यालं न्हाई येत.”

“बरं,” मी म्हटलं.

“शपथ न्हाई घालत. तुमी माळकरी. बरं म्हटलात, पुरं झालं.”

पाकीट मात्र माझ्याच पिशवीत राहिलं. कंपनीचं काम म्हणून सेंटरवाल्यांनी ते माझ्या हातात दिलं होतं.

रविवार, १२ जानेवारी

संध्याकाळी हरिपाठाला बसलो. जीभ चालत होती. डोळ्यांपुढे तीस माणसं हसत होती आणि त्यांच्या मध्ये सरदार मला जसं हवं तसं करून दाखवायची धडपड करत होता. आता आठवतं, त्याचे खांदे थरथरत होते. तेव्हा मी ते हसणं समजलो.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. शॉपमध्ये तिळगूळ वाटला. सरदारच्या लाइनवर दुसरा माणूस लावला आहे. तो मान अगदी झोकात वळवतो, पण बघत कुठेच नाही. मी चिठ्ठी दिली नाही.

घरी आल्यावर जयमालाला सगळं सांगितलं. ती तिळाच्या वड्या डब्यात भरत होती. म्हणाली, “मग तुमी सायबाला सांगा की, फॉर्म चुकला म्हनून.”

“फॉर्म चुकला म्हणून सांगितलं तर विचारतील, चुकीचा का भरला. त्यापेक्षा फोटो दाखवतो. फोटो बघितल्यावर कोणीही म्हणेल, ह्याचा दोष नाही. मामला तिथेच मिटेल.”

“पर त्यो नगं म्हनलाय ना?”

“त्याला त्यातलं कळत नाही. त्याच्या भल्यासाठीच करतोय.”

ती वडी हातात धरून थांबली. “त्याच्या का तुमच्या?”

सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी उठून बाहेर गेलो. बायकांना ऑफिसची रीत ठाऊक नसते.

शुक्रवार, १७ जानेवारी

फोटो दाखवला.

एचआरचे जयदीप साहेब तरुण आहेत, पण माणूस समजून घेणारे. सगळं ऐकून घेतलं. फोटो खिडकीच्या उजेडात धरला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला. मी क्लिपेल-फील म्हटलं, तर म्हणाले, “वा किसनराव, तुम्ही तर डॉक्टरच झालात.” मला बरं वाटलं. मी सांगितलं की सरदारवर शिस्तीची कारवाई करणं बरोबर होणार नाही, ह्यात त्याचा दोष नाही.

“अगदी बरोबर,” ते म्हणाले. “शिस्तीची कारवाई होणारच नाही.”

मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकून बसलो.

मग ते म्हणाले, “त्याला वैद्यकीय कारणावरून कमी करू. नोकरीला लागताना त्यानं हे लपवलं, तो मुद्दा वेगळा आहेच. पण आपण माणुसकी दाखवू. उद्या हा माणूस फोर्कलिफ्टखाली गेला तर जबाबदार कोण? तुम्ही आणि मी. तुम्ही फार मोठं संकट टाळलंत.”

मी म्हटलं, “पण साहेब, तो अकरा वर्षं काम करतोय.”

“नशीब म्हणायचं.”

उठताना त्यांनी हात पुढे केला. मीही मिळवला.

शनिवार, १८ जानेवारी

सरदारला चार वेळा फोन केला. उचलला नाही. त्याला कमी करण्याच्या नोटिशीचं पत्र गेलं असणार.

दुपारच्या डब्याला पेंट शॉपच्या एकाने मला मोबाइल दाखवला. “भाऊ, बघा, सरदारची मान.” फोटो सगळ्यांकडे पोहोचला आहे. कोणी त्यावर लाल गोल काढला होता. खाली हसण्याची चित्रं. मी भाकरी तशीच बांधून ठेवली.

रविवार, १९ जानेवारी

नाणेकरवाडीत त्याच्या खोलीवर गेलो. दार कमरुन्निसाने उघडलं, त्याच्या बायकोने. मला ओळखलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “बसा,” म्हणाली. पाणी दिलं. आदरातिथ्यात काही कमी नव्हतं, त्यामुळेच मी पेला तसाच हातात धरून बसलो.

सरदार खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मी आलो तसा तो वळला, नेहमीसारखा, खांद्यांसकट. अकरा वर्षं ज्याचा मला राग यायचा ते हेच वळणं.

मी म्हटलं, “सरदारभाई, मी चांगल्या हेतूने—”

“हेतू ऱ्हाऊ द्या भाऊ. येक सांगा. त्या दिवशी मी इकडंतिकडं बघितलं का न्हाई, ते तुमी बघितलं व्हतं?”

कमरुन्निसा दाराशी उभी होती. बाहेर कोणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला.

“नाही,” मी म्हटलं.

“मी बघितलं व्हतं. आख्खा उजवीकडं फिरलो, आख्खा डावीकडं फिरलो, मोकळा म्हनलो. मंग खोकं सरकलं म्हनून वाकून नीट केलं, तेवढ्यात गणराजची गाडी मागं आली. तिचा बझर वाजला का?”

मी पेला खाली ठेवला.

“न्हाई वाजला. महिनाभर वाजत न्हाई. गणराजनं तुमाला सांगितलं व्हतं, माझ्यासमोर. तुमी काय म्हनलात? ‘बघतो.’”

हे खरं आहे. फोर्कलिफ्ट मागे येताना वाजायचा बझर रोज सकाळी तपासून चेकशीटवर खूण करायची असते. मी आठ तारखेलाही ‘ठीक’ अशी खूण केली होती. रोज करतो. ह्या वहीतही ते लिहायचं टाळलं होतं.

सरदारने आवाज चढवला नाही. “चिठ्ठी दिली, सोसली. समद्यांसमोर नाचवलं, सोसलं. दुसऱ्याच्या हातचं व्हतं, म्हनून सोसलं. पर मान माझी व्हती भाऊ. चाळीस वर्सं झाकून नेली मी ती. तुमी पाकिटातनं काढून सायबाच्या टेबलावर ठेवली.”

मी हात जोडले. तो म्हणाला, “हात नका जोडू. कमरू, भाऊंना चा दे.”

चहा घेतला. नाही म्हणायची माझी लायकी नव्हती.

शुक्रवार, २४ जानेवारी

काल गुरुवार, कंपनीची आठवड्याची सुट्टी. सरदारचा पिंपरीला एमआरआय होता. त्याने मला बोलावलं नव्हतं. पण कमरुन्निसाने पत्ता सांगितला आणि म्हणाली, “या म्हणत नाही, येऊ नका बी म्हणत नाही.” मी गेलो आणि त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो. आतून त्या यंत्राचा ठोकण्याचा आवाज येत होता, पत्र्यावर हातोडा पडावा तसा. सरदार अर्धा तास न हलता पडून होता. न हलण्यात तो पहिल्यापासून पटाईत आहे, असं बाहेर आल्यावर तोच तिथल्या माणसाला म्हणाला. तो माणूस हसला. ह्या वेळी मी हसलो नाही.

आज प्राजक्ता मॅडमनी दोन्ही रिपोर्ट पाहिले. मज्जारज्जू मोकळा आहे. हाताच्या मुंग्या धक्क्याने आल्या, त्या कमी होतील. मूत्रपिंडं दोन्ही आहेत. जोडलेल्या मणक्यांच्या मधला चौथा मणका जास्त राबतो, म्हणून दर वर्षी फोटो काढायचा. त्यांनी स्वच्छ लिहून दिलं : डोक्यावर वजन नको, बाकी काम करण्यास योग्य, ये-जा करण्याच्या जागी बहिर्गोल आरसा लावावा.

सर्टिफिकेट घेऊन मी जयदीप साहेबांकडे गेलो. त्यांनी वाचलं, बाजूला ठेवलं आणि फाइलमधून माझा फॉर्म काढला.

“डॉक्टर म्हणतात, हा सुरक्षित काम करू शकतो. तुम्ही म्हणता, ह्यानं न पाहता पट्टा ओलांडला आणि ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. मी कोणाचं मानू? डॉक्टर काही शॉपमध्ये नव्हत्या.”

“फॉर्म चुकीचा आहे म्हटलं तर?”

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. “किसनराव, चुकीचा फॉर्म ही साधी गोष्ट नाही. मग चेकशीटही उघडावी लागेल. अठरा वर्षं झाली तुमची. सोमवारी ह्या फाइलवर शेवटची सही होईल. तोवर नीट विचार करा.”

धमकी नव्हती. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती.

शनिवार, २५ जानेवारी

एकादशी. हाफ डे टाकून देहूला गेलो. घाटावर बसलो. देवळात गेलो नाही. लहानपणापासून अशा ठिकाणी गेलं की मन धुतलं जातं असं मानत आलो. आज वाटलं, मी इथे धुऊन घ्यायला आलो आहे आणि सरदार नाणेकरवाडीत तसाच बसला आहे. त्याच्या वाटणीचं काम मी देवाकडे ढकलतो आहे.

ज्याने नुसत्या ‘बरं’वर विश्वास ठेवला त्याला मी फसवलं. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

दर्शन न घेता परत आलो. घरी जयमालाने विचारलं, “प्रसाद?” मी सांगितलं. ती म्हणाली, “बरं केलंत.” मग माझ्या हातात कागद आणि पेन आणून दिलं आणि स्वतः भाजी निवडायला बसली.

दोन पानं लिहिली. पाचदा. पहिल्या चार वेळा कुठे ना कुठे ‘अनवधानाने’ हा शब्द येत होता. पाचव्यांदा काढला.

सोमवार, २७ जानेवारी

कागद ऑफिसात दिला असता तर तो कपाटात गेला असता, हे अठरा वर्षांत मला कळलं आहे. म्हणून सकाळच्या मीटिंगमध्ये, जिथे सरदारला उभं केलं होतं तिथेच उभा राहिलो आणि वाचला. मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असं लिहिलं. बझर बंद होता हे मला माहीत होतं. तपासला नाही, खूण केली. सरदारला मान वळवता येत नाही, तो आख्खा वळून पाहतो, आणि त्या दिवशीही त्याने पाहिलं होतं. त्याचा फोटो न दाखवण्याचा शब्द दिला होता आणि मोडला.

कोणी हसलं नाही. कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही. सगळे बुटांकडे पाहत होते.

मीटिंग मोडल्यावर गणराज आला. रागाने लाल. “झालं का समाधान? आता मला बी इचारतील, बझर बंद असताना गाडी चालवलीच कशी? माझी बायको पोटुशी हाय. येकदा तरी सांगायचं व्हतं आधी.”

“तू मला सांगितलं होतंस, ते लिहिलंय त्यात.”

“लिवलंय, लिवलंय! तुमाला लिवायची लई हौस. आधी खोटं लिवलंत, आता खरं लिवलंत, दोन्ही टायमाला मधी आमीच.”

त्याच्या म्हणण्यात खोट काढता आली नाही. त्याचा मला विचारच आला नव्हता. ऑफिसात गेलो आणि कागदाच्या शेवटी हाताने लिहिलं : ‘फोर्कलिफ्ट चालकाने बिघाडाची कल्पना वेळेवर दिली होती. गाडी थांबवण्याचा अधिकार माझा होता.’ जयदीप साहेबांनी पोच दिली. हात मिळवला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

निकाल लागला. मार्शलपद गेलं, हिरवं जॅकेट परत केलं. सात दिवसांचं निलंबन, त्यानंतर मटेरियलवर, म्हणजे ट्रॉली ढकलायची. गणराजला लेखी ताकीद. बझर बसवला. पट्ट्यावर आरसा लागला. सरदारला येत्या सोमवारपासून कामावर घेणार, त्याच लाइनवर.

सरदारला फोन केला. ह्या वेळी उचलला.

“कळलं,” म्हणाला.

“माझ्या हातात होतं तेवढं—”

“भाऊ, येक काम हाय. त्यो फोटो परत आणा. पाकिटातला आणि मोबाइलमधला.”

पाकीट फाइलला लागलं आहे, ते मिळणार नाही. मोबाइलमधला कुठे कुठे गेला आहे कोण जाणे. हे त्याला कसं सांगावं कळेना. त्याने ‘खुदा हाफिज’ म्हणून फोन ठेवला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

निलंबन संपवून आज कामावर. सरदार सोमवारपासूनच आला आहे. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, कॉलर ताठ. तो लाइनवरून निघाला की माणसं काम करता करता मान वर करतात आणि त्याच्या मानेकडे पाहतात. वाईट हेतूने नाही. कोणी विचारतं, “दुखतं का रे?” कोणी म्हणतं, “लेका, तुझ्यात नट-बोल्ट कमी पडलं व्हय.” तो उत्तर देतो, विनोदाला विनोदही करतो. अकरा वर्षं त्याच्या मानेकडे माझ्याशिवाय कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. त्यांना तिकडे पाहायला मी शिकवलं. माझा कागद वाचून झाल्यावर फॉर्म रद्द झाला. हे रद्द झालं नाही.

दुपारी ट्रॉली घेऊन पट्ट्यापाशी आलो तर समोरून तो त्याची ट्रॉली घेऊन आला. थांबला. आख्खा उजवीकडे वळला, बोट दाखवलं. आख्खा डावीकडे वळला, बोट दाखवलं. मी पाहत उभा होतो. पहिल्यांदा नीट पाहिलं. इतकं सावकाश आणि इतकं पूर्ण आमच्यापैकी कोणीच पाहत नाही.

“मोकळा,” तो म्हणाला आणि माझ्या शेजारून जाऊ लागला. जाता जाता थांबला. मग खांद्यांसकट माझ्याकडे वळला.

“किसनभाऊ, माझ्याकडं काय बघताय? रस्त्याकडं बघा. गाडी मागं येतीय.”

बझर वाजत होता. मला ऐकूच आला नव्हता.

ट्रॉली मागे ओढली. गणराज गाडी घेऊन पुढून गेला, माझ्याकडे न पाहता. सरदार तोवर लाइनवर पोहोचला होता.